जोडीचा आहेर

राजवीर तोंडावर काही बोलणार नाही, हीच माझी खरी काळजी आहे. ओरडला असता, ताट सरकवून उठला असता तर सोपं होतं. पण तो ऐकून घेईल, "बरं" म्हणेल आणि खाली दुकानात जाऊन मोटर उघडून बसेल. मग त्याचं काय बिघडवलं ते मला कधी कळणारसुद्धा नाही.

झालंय असं, की माझ्या एकतीस वर्षांच्या मुलाच्या वतीनं मी एक शब्द देऊन बसलेय आणि त्याला त्याचा पत्ता नाही. गगनबावड्याच्या विजयसिंहरावांना मी फोनवर सांगितलंय, राजवीर मालिका सोडेल. त्यांच्या राजनंदिनीशी त्याचं लग्न जवळजवळ ठरलंय, अडलंय ते एवढ्यावरच. आणि परवा, सोमवारी, राजवीर त्याच मालिकेच्या पुढच्या वर्षाच्या करारावर सही करायला निघालाय. सोमवारी शाहूपुरीतली दुकानं बंद, म्हणून त्यानं तो दिवस धरलाय.

हे सगळं नीट सांगायचं तर आधी राजवीर सांगावा लागेल.

आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर. राजवीरच्या बाबांनी, हंबीररावांनी, कोडोलीहून येऊन ते उघडलं. अजूनही निम्मी गिऱ्हाइकं गावाकडचीच. मार्च लागला की विजेचा दाब पडतो, विहिरीवरच्या मोटरी जळतात आणि आमच्या पायऱ्यांवर जळक्या वार्निशचा वास घेऊन त्या रांगेत बसतात. राजवीर दहावीपासून तांब्याची तार गुंडाळतोय. फेरे मोजताना कुणी बोललं की डाव्या हाताचं एक बोट वर करतो. बोट खाली येईपर्यंत घरातलं कुणी बोलत नाही. त्याच्या डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा मी पळत खाली गेले, तर ते बोट वर होतं. निकाल हातात घेऊन मी तिथं पाच मिनिटं उभी होते.

नाटक त्याला कॉलेजात लागलं. राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्यांदा उभा राहिला तो सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या कामात. त्यासाठी महिनाभर तो रोज संध्याकाळी जनावरांच्या दवाखान्याबाहेर म्हाताऱ्यांच्यात बसून यायचा. बशीतून चहा प्यायला लागला, गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. मी म्हटलं, संवाद पाठ झाले का? म्हणाला, "आई, हात आधी शिकू देत. तोंड काय, मागनं येतंय." त्याचं वाइंडिंगही असंच आणि नाटकही असंच.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका मालिकेसाठी माणसं निवडत होते. 'पाचजणांचं घर' असं तिचं नाव. दोन पुरुष एकत्र संसार करतात. एकाला मोडलेल्या लग्नापासूनची मुलगी आहे, चिमी. दुसऱ्यानं गेलेल्या बहिणीची दोन पोरं वाढवलीत. अशी तीन पोरं, एक आबा आणि एक पप्पा. आबाच्या कामाला त्यांना कष्टाचे हात असलेला आणि इथली बोली बोलणारा माणूस हवा होता. राजवीर वार्निशचे हात तसेच घेऊन गेला आणि काम घेऊन आला.

मी एवढंच म्हटलं, "दुसरं काही नव्हतं का त्यांच्याकडं?"

"होतं की. घरमालक होता. चार वाक्यं. भाडं मागायचं आणि जायचं."

"मग?"

"मग मी म्हटलं, मला पोरं द्या."

त्या रात्रीपासून माझी डोकेदुखी आणि त्याचा अभ्यास सुरू झाला. अभ्यासाला तो गेला गोमटेशकडे. गोमटेश त्याचा शाळेपासूनचा मित्र, पलीकडच्या गल्लीत त्याचं बॅगांचं दुकान आहे. गोमटेश आणि बाळासो सहा वर्षं एकत्र राहतात. बाळासोची पहिल्या लग्नाची मुलगी आदिती आणि गोमटेशचा एक भाचा, अशी दोन मुलं त्यांनी सांभाळलीत. मी बरीच वर्षं कुणी विचारलं की बाळासोला गोमटेशचा "रूममेट" म्हणत असे. त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले नव्हते. राजवीरच्या हाती भांडं पाठवलं होतं आणि गुडघा दुखतोय असं सांगायला लावलं होतं. गुडघा दुखत नव्हता.

राजवीर त्यांच्या घरी पंधरा दिवस जात होता. परत आला की मी विचारायची, काय बघितलंस? मला वाटायचं, काहीतरी वेगळं सांगेल. तो सांगायचा, "आज कंपासपेटी शोधत होते. चौघंजण. अर्धा तास." एकदा त्यानं गोमटेशला विचारलं होतं, पोराला ताप आला की रात्री उठतं कोण? गोमटेश म्हणाला, "ज्याला आधी जाग येते तो. आणि ज्याला आधी येते तो दुसऱ्याला लाथ घालून उठवतो." ते वाक्य जसंच्या तसं मालिकेत आलं आणि लोकांना फार आवडलं.

वेण्या घालायलाही त्याला गोमटेशनंच शिकवलं. सराव माझ्यावर. स्टुलावर बसून मी माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या विरळ केसांच्या दोन वेण्या घालून घेत असे, रिबिनीसकट. एकदा हंबीरराव दुकानातून जेवायला वर आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "शाळा कितीला भरती?"

शूटिंग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची दिग्दर्शकाशी जुंपली. प्रसंग असा होता की आबा आणि पप्पा भाकरी करायला जातात, भाकरी करपते, धूर होतो, शेजारणी खिडकीतून हसतात. राजवीर म्हणाला, "साहेब, तीन पोरं आहेत घरात. रोज भाकरी करपली तर ती जगतील कशावर? ह्यांना चार वर्षं झाली एकत्र राहून. एकाला तरी भाकरी येत असणार." दिग्दर्शक विचार करतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी राजवीरनं कॅमेऱ्यासमोर सलग सहा भाकऱ्या थापल्या, सगळ्या टम्म फुगलेल्या. माझ्याकडून शिकून गेला होता. शेजारणी खिडकीतून बघतात तेवढं तसंच ठेवलं, फक्त त्या हसत नाहीत.

शाहूपुरीत त्याची थट्टा व्हायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकं यायची मोटर घेऊन आणि पायरीवरूनच हाक मारायची.

"काय आबा, पप्पा काय करत्यात?"

"डबा भरत्यात. तुमची मोटर शनिवारी मिळेल."

"आणि रातच्याला?"

"रातच्याला गृहपाठ घेत्यात. तीन पोरं हाईत आमच्यात, तुमच्यासारखा निवांत टाइम कुठला, पावणं?"

मागचे हसायचे. मी वर जिन्यात उभी राहून ऐकायची. त्याला कधी चिडलेला ऐकलं नाही. "मी फक्त ॲक्टिंग करतो हो," असंही कधी म्हणाला नाही. ते एक वाक्य त्यानं म्हणावं म्हणून मी किती वेळा जिन्यात श्वास रोखून थांबले असेन.

कारण इकडं स्थळं परतत होती. पहिली झलक टीव्हीवर लागली त्याच आठवड्यात दोन. एकांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं, पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. दुसऱ्यांनी तुमच्या घराचा जिना फार चढा आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर राजनंदिनीचं स्थळ आलं. मुलगी शेतकी पदवीधर, बँकेत नोकरीला. पहिल्या भेटीत दोघं फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या भेटीत तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मालिकेत वेणी तुम्ही खरंच घालता, की दुसऱ्या कुणाचे हात दाखवतात?" राजवीर म्हणाला, "रिबीन आणा." ती हसली आणि म्हणाली, "आज नको, आई रागावेल." मला ती तिथंच पसंत पडली. तिच्या वडिलांनाही राजवीर पसंत होता. त्यांची डेअरी आहे, माणूस मोठ्यानं बोलणारा पण मोकळा. सगळं जमत आलं होतं.

आणि मग कोडोलीला आकारामभावजींच्या मुलीचं लग्न आलं.

आकारामभावजी माझे चुलतदीर. पण आमच्या भावकीत लग्न कुणाचंही असो, मानपान झुंबरबाईंकडं. झुंबरबाई म्हणजे हंबीररावांच्या आत्या, चौथी पास. कुणाला टॉवेल, कुणाला फेटा, कुणाला जोडीचा आहेर, ही सगळी यादी त्यांच्या डोक्यात असते आणि ती चुकत नाही. त्यांनी नाव पुकारलं नाही तर माणूस लग्नाला आलाच नव्हता असं धरतात.

राजवीर शूटिंगवरून थेट आला. येताना आदर्शला घेऊन आला. आदर्श म्हणजे मालिकेतला पप्पा. सांगलीचा पोरगा, लाजाळू, कोडोलीच्या लग्नाचं जेवण खायचं म्हणून आलेला. दोघं मागच्या खुर्च्यांवर बसले. तेवढ्यात झुंबरबाईंनी त्यांना हेरलं आणि माइकवाल्याला जवळ बोलावलं.

"ह्यो राजवीर, आन् ह्यो त्येचा जोडीदार. दोघांस्नी एकत्र पुकार. जोडीचा आहेर हाय."

आकारामभावजी धावत आले. "आत्ती, ते मालिकेतलं हाय. खरं न्हाय ते!"

"मला दूध पाजतोस व्हय रं? मालिकेतलं हाय, म्हायत हाय की मला. पर मांडवात दोघं आल्यात का न्हाय?"

"आल्यात."

"रोज सांजच्याला माझ्या सोप्यात येत्यात का न्हाय?"

"येत्यात, पर..."

"मग एकाला फेटा बांधायचा आन् दुसऱ्याला कोपऱ्यात बसवायचा, आपल्यात हाय काय अशी रीत? एकटा आला आसता तर एकट्याचा दिला आसता. जोडीनं आलाय, जोडीचा देनार. हो बाजूला."

मी तिथंच उभी होते. एम. ए. झालेली बाई. मी पुढं होऊन "आत्याबाई, राहू दे," म्हणू शकले असते. पण झुंबरबाई मानाचं ताट उचलतात तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही, मीही अडवलं नाही. तेवढ्यात माइक वाजला. "आपल्या सर्वांचे लाडके, आबा आणि पप्पा!"

मांडवात शिट्ट्या पडल्या. मी राजवीरकडं बघितलं. वाटलं, आता तरी हात हलवून हसेल आणि म्हणेल, अहो, नाटकातलं आहे. तो उठला, आदर्शच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला घेऊन पुढं आला. आदर्श कानापर्यंत लाल झाला होता. राजवीर त्याला हळूच म्हणाला, मी जवळ होते म्हणून ऐकू आलं, "खाली वाक की. आज्जीचा हात पोचत न्हाय."

झुंबरबाईंनी दोघांना गंध लावलं, बांधून ठेवलेले फेटे डोक्यावर चढवले, टॉवेल दिले, नारळ दिले. आणि मग थांबल्या. जोडीच्या ताटात शेवटी खण असतो, जोडीतल्या बाईचा. हिरवा, लाल काठाचा खण हातात घेऊन त्या एकदा राजवीरकडं बघू लागल्या, एकदा आदर्शकडं. चौथी पास बाई साठ वर्षांत पहिल्यांदा मानपानात अडली होती.

"पप्पास्नी द्या!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"गप ऱ्हावा रं, टवाळांनो!" झुंबरबाईंचा आवाज माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. मग त्यांनी खण राजवीरच्या हातात ठेवला. "ह्यो लेकीचा. तुमच्या चिमीला झंपर शिवा ह्येचा. थोरल्या मापाचा शिवा, वाढत्या अंगाची हाय."

"शिवतो, आज्जी," राजवीर म्हणाला. वाकून नमस्कार केला. आदर्शनंही केला.

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. निम्म्या टाळ्या कसल्या होत्या आणि निम्म्या कसल्या, ते मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी राजवीरनं चिमीचं काम करणाऱ्या छोकरीला खरंच तो खण दिला, आणि तिच्या आईला झुंबरबाईंचा निरोपही, मापासकट.

पण मांडवात विजयसिंहराव बसले होते. त्यांची बहीण कोडोलीत दिलेली आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. हंबीरराव खाली होते, मी उचलला.

"वैनी, पोरगा लाखात एक हाय. त्यात वाद न्हाय."

मला पुढचं कळलं.

"पर मांडवात पाचशे माणसात त्यो परकार झाला. आमच्याकडं लोक इचारत्यात, जावाई काय करतोय? मी काय सांगू? आबा हाय म्हणू?"

"काम आहे ते, विजयसिंहराव."

"काम हाय की. कामाला मी कुठं न्हाय म्हणतोय? दुसरं काम धरावं. पोलिसाचं करावं, गुंडाचं करावं. बँक लुटली तरी चालंल बघा मालिकेत, लोक नावाजत्यात. ह्ये तेवढं सोडावं. सोडतोय म्हणा, फुडच्या महिन्यात सुपारी फोडू."

"सोडेल," मी म्हणाले.

एवढा मोठा शब्द, आणि बोलायला मला दम घ्यावा लागला नाही. फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसले. हंबीररावांनाही सांगितलं नाही. मनात हिशेब असा, की कराराचं वर्ष संपतंच आलंय, चॅनल पुढं काही बोलावणार नाही, राजवीर आपसूक मोकळा होईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. गेल्या आठवड्यात राजवीर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला आणि म्हणाला, "आई, अजून एक वर्ष!"

मी साखर घालायला विसरलेला चहा त्याच्यापुढं ठेवला आणि त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

काल मी गोमटेशच्या दुकानात गेले. खोटं कशाला बोलू, राजवीरला त्यानं समजवावं म्हणून गेले. बरोबर माझी जुनी पर्स नेली, काहीतरी निमित्त हवं म्हणून.

"या की काकी, बसा. झिप गेली काय?" गोमटेशनं पर्स हातात घेतली, झिप दोनदा ओढली. "हिला काय धाड भरलीय? अजून दहा वर्षं चालतेय ही." मग माझ्याकडं बघितलं आणि चहा सांगितला.

मी म्हटलं, "गोमटेश, राजवीर तुझं ऐकतो. तू सांग त्याला, ही मालिका सोड म्हणून."

"का?"

"लग्न अडलंय."

"ते कळलं मला. पण तो विचारणार की, गोम्या, का सोडू? मग मी काय म्हणू?"

मी काउंटरवरची एक बॅग उगाच सरळ केली.

"लोक तुला आमच्यासारखा समजायला लागलेत, म्हणून सोड. असंच म्हणायचं ना, काकी?"

तो चिडून बोलला नाही. बॅगेची किंमत सांगावी तसा बोलला. म्हणूनच मला मान वर करता येईना. हे वाक्य त्याच्या तोंडून वदवायला मी जिना उतरून, रस्ता ओलांडून, पर्स घेऊन आले होते. जगात ज्याच्याकडं जायला नको होतं नेमकं त्याच्याकडं गेले होते.

चहा आला. तेवढ्यात आदिती शाळेतून आली. आठ वर्षांची, एक वेणी सुटलेली. दप्तर काउंटरवर टाकून गोमटेशकडं पाठ करून उभी राहिली. त्यानं एका गिऱ्हाइकाला बॅगेचे कप्पे सांगत सांगत वेणी घातली, रिबीन दातात धरून. ती माझ्याकडं बघत होती.

"तुम्ही राजवीरकाकाच्या आई ना?"

"हो."

"त्याला सांगा, कालच्या भागात चिमीची रिबीन घरी निळी होती आणि शाळेत लाल झाली."

"आमच्या घरात ती मालिका चुका काढायलाच बघतात," गोमटेश म्हणाला. "ह्यांची वही आहे चुकांची. दप्तर कधी हरवत नाही, ही पहिली चूक."

"आणि पप्पा कधीच ओरडत नाही, ही दुसरी," आदिती म्हणाली. "मी जातो क्लासला." आणि गेली.

मी पर्स उचलली. जाता जाता जे खरं होतं ते बोलले. "वास्तुशांतीला माझा गुडघा दुखत नव्हता, गोमटेश."

"माहीत होतं," तो म्हणाला. "राजवीरला खोटं सांगता येत नाही. निरोप देताना लालेलाल झाला होता." मग म्हणाला, "मी त्याला काही सांगणार नाही, काकी. तुम्हीच सांगा. तुमचं तो माझ्यापेक्षा जास्त ऐकेल. भानगड तीच आहे."

तो बरोबर बोलला. राजवीर माझं ऐकेल. सोमवारी सही करणार नाही, मुकाट्यानं लग्न करेल, मोटरी गुंडाळेल आणि डाव्या हाताचं बोट वर करून बसेल. जावई म्हणून मिरवता येईल असा मुलगा मी विजयसिंहरावांना करून देईन, आणि माझ्या घरात कोण उरेल ते मला माहीत नाही.

राजवीर एकटा राहील ही भीती माझ्या मनातून गेलेली नाही. एका दुपारीत जाणारी ती नव्हे. पण मी ज्या भीतीनं शब्द दिला ती ही नव्हती. ती मांडवातल्या शिट्ट्यांची होती, आणि त्या शिट्ट्या राजवीरच्या अंगाला लागल्याच नव्हत्या. लागल्या होत्या मला. त्या मी त्याच्या नावावर टाकून मोकळी झाले.

आज संध्याकाळी त्यानं कराराचे कागद माझ्यापुढं ठेवले. दुकानातली सगळी वॉरंटीपत्रं, बँकेचे कागद मीच वाचते, तशी आमच्यात पद्धत आहे. "आई, बघ की कुठं अडतंय काय. तू बघितल्याशिवाय मी सही करत नाही." आणि जेवून झोपायला गेला.

आता एक वाजून गेलाय. मी सगळी पानं दोनदा वाचली. एका कलमाजवळ पेन्सिलनं खूण केलीय: मार्चमध्ये मोटरी जळतात, त्या महिन्यात आठवड्याला दोन दिवस मोकळे मागून घे. दुसऱ्या एका ठिकाणी येण्याजाण्याचा खर्च मोघम लिहिलाय, तिथंही खूण केली. बाकी करार चांगला आहे. वाचता वाचता लक्षात आलं, की त्यानं मालिका सोडावी असं मला खरंच वाटत असतं तर मी त्याच्यासाठी मार्चचे दिवस मागत बसले नसते.

विजयसिंहराव पाचला धारांसाठी उठतात. सव्वापाचला फोन करायचा, राजवीर उठायच्या आत. त्याला विचारून करायचा नाही, कारण विचारलं तर तो मला वाचवायला बघेल, "राहू दे आई, मी बोलतो" म्हणेल. शब्द मी दिलाय, परतही मीच घेणार. काय बोलायचं तेही ठरलंय. विजयसिंहराव, मी तुम्हाला जे बोलले ते मुलाला न विचारता बोलले. ते चुकलं. तो मालिका सोडत नाही आणि मी त्याला सोड म्हणणार नाही. मांडवात तो माझ्या घराण्याला शोभेल असाच वागला. तुम्हाला असा जावई नको असेल तर आत्ता सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. वाटून घेईन, पण तुम्हाला दाखवणार नाही.

ते मोठ्यानं बोलतील. ऐकून घेईन. मग म्हणेन, आता फोन राजनंदिनीकडं द्या. लग्न तिचं आहे, आणि या सगळ्यात तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही. तिच्याशी दोनच वाक्यं बोलायची: मी काय करून बसले होते ते, आणि राजवीर साडेसहाला सेटवर निघतो, त्याच्याशी काय बोलायचं असेल ते त्याआधी बोल.

त्यानंतर राजवीरला चहा देताना सगळं सांगायचं. ते फोनपेक्षा अवघड जाईल. पण आधी फोन.